वालाचा वेल दुसऱ्या मजल्यावर पोचला, फूल एक नाही, कमिटी म्हणतेय कापून टाका

पार्किंगमागची_माळीण | २२ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणारे, आधीच सॉरी म्हणून ठेवते.

पुण्यात सिंहगड रोडला राहतो आम्ही, जुनी सोसायटी, ४८ फ्लॅट. पार्किंगच्या मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत सात-आठ फूट रुंदीची पट्टी आहे, इतकी वर्षं तिथे राडारोडा, फुटक्या फरश्या आणि कुणाची तरी चेन नसलेली सायकल पडून होती. या एप्रिलमध्ये झालं असं की बी विंगच्या आजी (८१ वर्षं) टेरेसवर एकट्याच कुरडया घालायला बसल्या होत्या, यंदाच्या शेवटच्या म्हणाल्या, आता हात साथ देत नाहीत. म्हणून आम्ही चौघी गेलो मदतीला. मदत कसली डोंबलाची, गहू तीन दिवस भिजत घालतात आणि रोज पाणी बदलायचं असतं हे पण आम्हाला तिथेच कळलं, चीक शिजवताना मी इतक्या गुठळ्या केल्या की आजींनी पळी हातातून काढून घेतली. पण मजा आली. मग पापड झाले, सांडगे झाले, आणि एकदा वरून खाली बघत आजी म्हणाल्या, एवढी जागा आमच्या वाड्यामागे असती तर मी मंडईचं तोंड बघितलं नसतं. झालं, तिथून आम्हाला किडा चावला.

पट्टी साफ केली, माती आणली, सोसायटीचा पालापाचोळा जाळायचा बंद करून तिथेच कुजवला. वॉचमनदादांच्या बायकोला आम्ही सगळे मावशी म्हणतो, त्या परभणीकडच्या. माहेराहून त्यांनी फडक्यात गाठ मारून राखेत घोळवलेलं वालाचं बी आणलं, आठ की नऊ दाणे असतील, आणि असं दिलं की जणू सोनं. मृगाचा पाऊस झाल्यावर लावलं. आता सांगते प्रॉब्लेम. वेल दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलमध्ये घुसलाय, पानं तळहाताएवढी, हिरवंगार, आणि साडेतीन महिन्यांत फूल नावाला नाही!! खालच्या मजल्यावरच्यांच्या एसीच्या डब्यावर पसरला म्हणून तक्रार झाली, साप येतील, डास होतील, आणि रविवारच्या मीटिंगमध्ये ‘वेल काढणे’ असा विषयच घेतलाय.

मावशी म्हणतात थंडी पडू दे, घाई काय. आजी म्हणतात शेंडे खुडा. यूट्यूबवाला म्हणतो अमुक खत घाला. मी खत घालून झालं, शेणखत दोनदा आणि वर कुणीतरी दिलेला युरिया पण मूठभर. कुणाचं ऐकू? आणि दोडक्याचं पण सांगा कुणीतरी, फुलं येतात आणि गळतात, दोडका एकच लागला तोही वाकडा. शिवाय बाजारातल्या टोमॅटोचं बी धरून लावलं तर चार झाडांना चार तऱ्हेचे टोमॅटो आलेत, ते का?

---

शेतकीची_डिग्री_वाया | २२ सप्टेंबर, रात्री ११:२५

कापू नका!! आधी हे, मग बाकीचं.

तुमच्या मावशींचं बरोबर आहे, फक्त कारण थंडी नाही, दिवसाची लांबी. जुना गावरान वाल लहान दिवसाचं पीक आहे, म्हणजे रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय त्याला फुलायचं सुचतच नाही. जूनमध्ये पुण्यात दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराच्या आसपास येतो. तुम्ही जूनमध्ये लावलात म्हणजे त्याला मोकळं रान मिळालं नुसतं वाढायला, हाच वाल ऑगस्टमध्ये लावला असतात तरी फुलला जवळपास त्याच सुमारास असता, फक्त वेल आटोपशीर राहिला असता. बाजारात बुटक्या जातींचं बी मिळतं ते बारा महिने फुलतं, कारण त्यातून ही सवय काढून टाकलेली आहे. तुमच्याकडचं तसं नाहीये, आणि म्हणूनच ते जपण्यासारखं आहे.

युरिया कुणी सांगितला? हात जोडतो, परत घालू नका. नत्र जास्त झालं की शेंगवर्गीय झाड पानांवरच खूश राहतं, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र स्वतः धरतात, त्याला बाहेरून फार लागत नाही. शेंडे खुडायचं आजी म्हणतात ते पण करा, फुटवे येतील आणि एसीवाल्यांचं समाधान होईल.

आता एक महत्त्वाचं विचारतो, पार्किंगचा लाइट वेलावर पडतो का रात्रभर?

---

पार्किंगमागची_माळीण | २३ सप्टेंबर, सकाळी ७:०५

अहो पडतो!! मोठा पांढरा एलईडी आहे, बरोब्बर मांडवाच्या वर, संध्याकाळी साडेसहाला लागतो आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत चालू. त्याचा काय संबंध?

---

शेतकीची_डिग्री_वाया | २३ सप्टेंबर, सकाळी ८:३०

तोच तर संबंध. झाडाच्या लेखी रात्र झालेलीच नाही. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन कापणीच्या वेळी बघा, बाकी शेत वाळून पिवळं आणि दिव्याखालचा गोल तेवढा हिरवा. आमच्या सरांनी पहिल्या वर्षी शिवारफेरीत दाखवलं होतं, डिग्रीतलं तेवढंच लक्षात राहिलंय. दिव्याचं तोंड गाड्यांकडे फिरवा नाहीतर वर पत्र्याचा आडोसा लावा, दिवा बंद करा म्हणालात तर सिक्युरिटीवरून भांडणं होतील. वेलाला मिट्ट अंधार मिळाला पाहिजे. आणि टोमॅटोचं, तो हायब्रीड होता. हायब्रीडचं बी धरलं की पुढच्या पिढीत आजी-आजोबा, मामा, काका सगळे वेगवेगळे डोकं वर काढतात. बी धरायचं तर गावरानच हवं.

---

गच्चीवरचा_ठाणेकर | २३ सप्टेंबर, दुपारी १:१०

दोडक्याचं मी सांगतो, कारण मी दोन वर्षं तोच मूर्खपणा केलाय. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. घोसाळ्याचं पहाटे, दुधीचं पांढरं फूल पण संध्याकाळीच, लाल भोपळा पहाटे. आपण सकाळी ऑफिसला जाताना नऊ वाजता ब्रश घेऊन दोडक्याला परागीकरण करायला गेलो तर काय होणार, कपाळ! शहरात संध्याकाळचे पतंग कमी, सगळे तुमच्या त्या एलईडीभोवती फिरत असतील बहुतेक. संध्याकाळी सहा-साडेसहाला जा, नर फुलाचा देठ लांब आणि मागे काही नाही, मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा दोडका आधीच असतो. नर तोडायचा, पाकळ्या मागे वळवायच्या, मादीच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. सुरुवातीचे आठ-दहा दिवस नुसते नरच येतात आणि गळतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वाकडा दोडका म्हणजे अर्धवट परागीकरण, नाहीतर फळमाशी, कापून बघा आत अळी आहे का.

पुढच्या वर्षी टेरेसवर चढायचा विचार असेल तर (असणारच, सगळ्यांचा असतो) एक धोक्याची सूचना, नुसती माती भरू नका. ओली माती एक फूट जाडीची पसरली तर एक चौरस मीटरला अर्धा टन वजन होतं. आम्ही रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणतो, तो फुकट देतो वर थँक्यू म्हणतो, चिपाडं, वाळका पाला, किचनमधला ओला कचरा असे थर आणि माती फक्त वरून दोन-चार ओंजळी. वर्षभरात बसून काळंभोर होतं.

---

सेक्रेटरीकाका_दुसऱ्या_सोसायटीचा | २३ सप्टेंबर, सायंकाळी ५:५०

मी थोडा व्हिलन होतो. आमच्याकडेही अशीच हौस झाली होती २०१९ ला, पहिले सहा महिने वीस जण, व्हॉट्सॅपवर रोज फोटो, मग पावसाळा संपल्यावर पाणी घालायला कुणी नाही, एक भगिनी एकट्याच बिचाऱ्या पाइप ओढायच्या आणि शेवटी कुंड्या डासांच्या झाल्या. भिंतीला लागून माती टेकवली म्हणून तळमजल्याला ओल आली ती वेगळीच. त्यामुळे कमिटी सरसकट वाईट असते असं समजू नका.

ताई, मीटिंगला जाताना भावनिक भाषण नको, एक कागद न्या. त्यात लिहा की माती भिंतीपासून फूटभर लांब ठेवू, वेल ग्रिलवर न जाता स्वतंत्र मांडवावर चढवू, पाणी कुणी कोणत्या वारी घालायचं त्याची नावं, आणि ‘३१ डिसेंबरपर्यंत फूल आलं नाही तर आम्हीच काढू’. तारीख दिली की कमिटी विरघळते, अनुभवाने सांगतो. आणि मावशींचं नाव त्या कागदावर घाला. बी त्यांचं, अक्कल त्यांची, आणि निर्णय होताना त्या गेटवर उभ्या असं नको.

---

एडिसनची_वहिनी | २४ सप्टेंबर, पहाटे ४:१५

न्यू जर्सीहून लिहितेय. हा धागा वाचून गेल्या चार वर्षांचं कोडं सुटलं हो! सासूबाईंनी दिलेलं बी मी दर मे महिन्यात लावते, कम्युनिटी गार्डनमध्ये माझा वाफा आहे, वेल डेकच्या छपरावर जाईल इतका वाढतो, ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कुठे कळी दिसायला लागते आणि महिना संपायच्या आत हिमाचा कडाका पडून एका रात्रीत सगळं काळं. शेजारची अमेरिकन बाई जांभळ्या फुलांचा वाल शोभेला लावते तिचा मात्र भर उन्हाळ्यात फुललेला, मला वाटायचं माझ्याच हातात दोष. म्हणजे तिची जात वेगळी! यावर्षी दोन वेल मुद्दाम मोठ्या कुंडीत ठेवलेत, गराजमध्ये ओढून घेणार थंडी आली की. बी टिकवायला चार शेंगा मिळाल्या तरी पुरे.

---

आगरी_मीठ | २४ सप्टेंबर, सकाळी ११:००

आमच्या अलिबाग-पेणकडे मृगात वाल कोणीच लावत नाय. भात कापला की त्याच ओलीवर वाल टाकतात, बिनपाण्याचा येतो, दवावर पोसतो म्हणतात. त्यामुळे हा प्रश्नच कधी आला नाय, पेरतानाच दिवस लहान झालेले असतात. जुन्या लोकांना तास-मिनिटं माहीत नव्हती पण हिशोब पक्का होता.

बियाण्याचं सांगतो. आजी आमची काकडीचं, भोपळ्याचं बी राखेत कालवून चुलीमागच्या भिंतीला थापायची, पावसाळ्याच्या तोंडावर खरवडून काढायचं. धुरामुळे किडा नाय, राखेमुळे ओल नाय. आता चूलही नाय न भिंतही नाय, टाइल्स लावल्या. मी आईला विचारलं तर ती म्हणते काचेच्या बरणीत पण चालतं, लाकडाची राख चाळून घ्यायची, बी कडक सुकलं पाहिजे, दाताखाली कट्ट आवाज आला पाहिजे. नुसतं चेपलं तर अजून ऊन दे.

---

अकोल्यांची_लेक | २४ सप्टेंबर, रात्री ९:२०

अकोले, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं, विदर्भातलं अकोला नव्हे, हे मला आयुष्यभर सांगावं लागणारे 😄

वालाचा विषय निघाला आणि आमच्या तालुक्याचं नाव कुणी काढलं नाही म्हणून लिहितेय. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, बीजमाता म्हणतात त्यांना, २०२० ची पद्मश्री, त्यांनी घरच्या गावरान वाणांची बँक उभी केली, त्यात वालाचे आणि घेवड्याचेच कितीतरी प्रकार आहेत. शाळेत गेलेल्या नाहीत त्या. लोकांना वाटतं बियाणं बँक म्हणजे एसी खोली, पण मडकी, राख, कडुलिंबाचा पाला आणि कुठलं बी कुठल्या मडक्यात हे डोक्यात. बाएफ या ग्रामविकास संस्थेची साथ मिळाली हे खरं, पण मूळ काम त्याच्या आधीपासूनचं. नातू संकरित भाज्या खाऊन सारखा आजारी पडायला लागला म्हणून गावरान बी गोळा करायला लागल्या, असं त्या स्वतः सांगतात.

माझ्या आईचं शिकवलेलं एक लक्षात ठेवा, बियाला शेंगा शेवटी उरलेल्या धरायच्या नाहीत. आपण काय करतो, चांगल्या शेंगा खातो आणि संपताना ज्या कोपऱ्यात वाळल्या त्या बियाला. म्हणजे दरवर्षी रड्या शेंगांचंच पोरगं पुढे. सगळ्यात निरोगी वेलाच्या मधल्या बहराच्या भरदार शेंगा, त्यांना आधीच लाल चिंधी बांधायची, मग घरातलं कुणीही हात लावत नाही. वेलावरच वाळू द्यायच्या. वाल, चवळी, घेवडा बहुतेक स्वतःचं स्वतः फळतात म्हणून शेजारी दुसरी जात असली तरी फारसं बिघडत नाही, दुधी-काकडीचं मात्र तसं नाही, तिथे मादी फूल आदल्या दिवशी दोऱ्याने बांधून हाताने फळवावं लागतं. दुधी बियाला धराल तर खुळखुळा वाजेपर्यंत ठेवायचा.

आणि भुंगा! वाल सुकवून डब्यात भरला तरी महिन्याभरात भोकं पडतात ना, तो डब्यात बाहेरून येत नाही, शेतात शेंगेवरच अंडी घातलेली असतात. कडक वाळवलेलं बी घट्ट डब्यात आठवडाभर फ्रीजरला ठेवून मग राखेत घाला. हे आईचं नाही, माझं. आईला पटलेलं नाही, तिचं म्हणणं फ्रीजरमध्ये बी घाबरतं.

---

पार्किंगमागची_माळीण | २९ सप्टेंबर, रात्री ११:१५

मीटिंग झाली!! सेक्रेटरीकाका तुमचा कागद जसाच्या तसा चालवला. ३१ डिसेंबरची मुदत मिळाली. मावशींना बोलावलं होतं, आधी येईनात, मग दारात उभ्या राहिल्या, आणि चेअरमननी साप येतील म्हटल्यावर त्या म्हणाल्या, साहेब, राडारोडा होता तेव्हा दोन निघाले होते, ह्यांनी काढून सोडले, तुम्हाला सांगितलं नव्हतं घाबराल म्हणून. पूर्ण हॉल गप्प 😂

दिव्याला पत्रा लावला, २८० रुपये झाले, आम्ही वाटून घेतले. काल संध्याकाळी साडेसहाला चौघी जणी दोडक्याच्या नर फुलांसकट मादी शोधत फिरत होतो, वरून पोरं व्हिडिओ काढत होती. एक चूक झाली, मी उत्साहात मांडव हलवताना एक वेल मुळापाशी मोडला. आठातला एक गेला. मावशी काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

---

पार्किंगमागची_माळीण | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

फुललाय!!! पांढरी-जांभळट फुलं, तुरेच्या तुरे, दिव्यापासून लांबच्या टोकाला आधी आणि दिव्याखालच्या दोन वेलांना सगळ्यात शेवटी, डिग्रीवाले तुम्ही म्हणालात तस्संच. पत्र्याच्या फटीतून थोडा उजेड जातोच आहे अजून. चेअरमन रोज सकाळी वॉकला येतात आणि मोजतात, कबूल करत नाहीत.

काळा मावा आलाय कोवळ्या तुऱ्यांवर, काय करू?

---

शेतकीची_डिग्री_वाया | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

अभिनंदन! मावा बोटांनी चिरडा नाहीतर पाण्याचा जोरदार फवारा, अगदीच झाला तर लिंबोळी तेल ५ मिली आणि थोडं साबणाचं पाणी एका लिटरला, संध्याकाळी मारा. मुंग्या बघा, मुंग्याच त्याला पाळतात.

---

गच्चीवरचा_ठाणेकर | १९ नोव्हेंबर, दुपारी २:००

आणि दोडके?? आम्ही इथे वाट बघतोय.

---

पार्किंगमागची_माळीण | ५ जानेवारी, रात्री ९:३०

दोडके अकरा लागले हो, नंतर वेल वाळला. सांगायचंच राहिलं.

वालाच्या पहिल्या शेंगा मावशींना दिल्या, त्यांनी डाळिंब्या सोलून आजींना दिल्या, आजींनी उसळ करून सगळ्यांना वाटी वाटी दिली, माझ्या वाट्याला बहुतेक सतरा दाणे आले 😄 लाल चिंध्या बांधल्यात तीस शेंगांना. चेअरमननी त्यांच्या मिसेससाठी बी मागितलंय, मावशींना विचारा म्हणून सांगितलं, विचारायला अजून गेलेले नाहीत.

आता आगरी_मीठ यांना प्रश्न, पोरांनी पोपटीचं (मडक्यात पाल्यात भाजलेल्या शेंगा) ऐकलंय आणि शनिवारी टेरेसवर करूया म्हणून मागे लागलीत. मडकं आहे, शेंगा थोड्या विकतच्या घालू, पण भांबुर्डीचा पाला पुण्यात कुठे मिळणार? मंडईत विचारलं तर भाजीवाल्याने मलाच विचारलं ते काय असतं.

---

आगरी_मीठ | ५ जानेवारी, रात्री १०:०५

मंडईत नाय मिळायचा, तो विकत घ्यायचा पाला नाय. रिकाम्या प्लॉटवर, शेताच्या बांधावर आता सगळीकडे उगवलेला असतो, पानाला लव असते, चुरगाळला की असा उग्र वास येतो की एकदा घेतला की विसरत नाय. तुमच्या मावशींना घेऊन फिरा, त्यांच्याकडे नाव वेगळं असेल पण वासावरून ओळखतील. मडक्यात तळाला आणि तोंडाला पाला गच्च, मध्ये शेंगा, जाडं मीठ, ओवा, हवी तर अंडी. पाणी थेंबभर नाय. मडकं उपडं ठेवून बाजूने जाळ, अर्धा तास. आणि टेरेसवर नको हो, वॉटरप्रूफिंग जाईल, खाली पट्टीतच करा, वेलापासून लांब.

---

सेक्रेटरीकाका_दुसऱ्या_सोसायटीचा | ५ जानेवारी, रात्री १०:२०

वॉटरप्रूफिंगचं मीच लिहायला आलो होतो. शनिवारी किती वाजता?